दुकान वाढव

ऋतुराजच्या चष्म्याला शिकवणी लागत नव्हती, निदान तो स्वतः तसं सांगत फिरायचा. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर हवेत बांगड्या दिसायच्या. चिमटीत धरून उचलायच्या, गिऱ्हाइकाच्या मनगटावर ठेवायच्या. तोंडानं हुकूम द्यायचे तेही साध्या मराठीत. हुकमांची यादी त्यानं एकट्यानंच केली होती, कारण ठाण्यातल्या त्याच्या ऑफिसात आपल्याइतकं मराठी कुणाला येत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

याआधीचे त्याचे दोन प्रयोग दुकानदारांनी आल्या पावली परत पाठवले होते. या खेपेला त्याच्या साहेब योगिनी मॅडमनी सरळ बजावलं होतं, "वापरणाऱ्याला एक शब्द जरी समजावून सांगावा लागला, तरी प्रोजेक्ट बंद."

चाचणी डोंबिवलीत, मालनमावशींच्या बांगड्यांच्या दुकानात होती. योगिनी मॅडम वही उघडून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मावशींनी चष्मा लावला आणि हवेतल्या हिरव्या बांगड्या एका बाईच्या हातात अशा झरझर भरल्या, की ऋतुराजनं मनातल्या मनात बढती घेतली आणि ठाकुर्लीत फ्लॅटही बघून टाकला.

दीड वाजला. गिऱ्हाईक गेलं. मावशींना जेवायला घरी जायचं होतं.

"दुकान वाढव रे," त्या चष्म्याला म्हणाल्या.

हवेतल्या बांगड्या परातीएवढ्या झाल्या. ऋतुराजच्या मोबाइलवरही तेच दिसत होतं.

"अरे, वाढव म्हणते ना!"

आता त्या बैलगाडीच्या चाकाएवढ्या झाल्या. मावशी घाबरून खाली वाकल्या.

"मावशी, 'बंद कर' म्हणा!" ऋतुराजच्या तोंडून निघून गेलं.

"बंद? भरल्या दुकानात असलं अभद्र बोलू? घरी कुणी शिकवलं नाही का रे तुला?"

शिकवलं होतं, हाच तर घोळ होता. आईच्या हातातली बांगडी वाढली की हाच शहाणा म्हणायचा, "अगं आई, फुटली म्हण ना. सरळ मराठी बोल." गेली वीस वर्षं तो आईचं मराठी सुधारत होता.

"चला, प्रोजेक्ट बंद," योगिनी मॅडम वही मिटत म्हणाल्या.

"अहो बाई, पोराच्या कामाला बंद काय म्हणता?" मावशी कळवळल्या. "वाढवा म्हणा."

मॅडमनी ऋतुराजकडे पाहिलं. "बरं. वाढवू या."

या वेळी त्याला अर्थ बरोबर कळला.