खालून आलेले ठोके

यार्मोने तव्यातलं सॉसेज उलटलं, हाताला लागलेलं तेल पँटला पुसलं आणि फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला.

"वाचलंस?"

"वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं," पलीकडून इल्पो म्हणाला. "ती म्हणाली, एवढं चांगलं तुझ्याबद्दल तुझी आईसुद्धा कधी बोलली नाही."

"मग झालं तर."

"झालं कसलं? एक सांग. ठोके कुठले?"

यार्मोने गॅस बारीक केला. "कुठले म्हणजे? तुझेच. दुसऱ्या बाजूला."

"माझ्या कॅसेटवर ठोके नाहीत, यार्मो."

इल्पो वृद्धाश्रमात स्वयंपाकी होता. दिवसभर म्हाताऱ्यांसाठी मऊ बटाटे शिजवायचे आणि सुट्टीच्या दिवशी बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या तळघरात माइक घेऊन बसायचं, हा त्याचा क्रम. तिथल्या घरघरीतून तो जे तयार करी त्याला संगीत म्हणायचं की नाही, यावर त्याच्या घरात अजून एकमत झालं नव्हतं. ही त्याची नवी कॅसेट, नाव ‘तळघर’. आणि अशा कॅसेटी ऐकून त्यांच्याबद्दल लिहिणारा साऱ्या केमी गावात एकच माणूस होता, तो म्हणजे यार्मो. ‘गंज’ नावाचं झेरॉक्स केलेलं मासिक तो स्वतः लिही, स्वतः चिकटवी आणि स्वतःच पोस्टात टाकी. घेणारे थोडे होते, पण ओस्लोपासून ओसाकापर्यंत होते, आणि यार्मोने चांगलं म्हटलं की कॅसेट संपायची. का, तर त्याचे कान. यार्मोला ऐकू येतं ते दुसऱ्याला येत नाही, असं लोक म्हणत. यार्मोही म्हणायचा, खोटं कशाला बोला.

"थांब, वाचतो," इल्पो म्हणाला आणि यार्मोचंच लिखाण यार्मोला वाचून दाखवू लागला. "‘दुसऱ्या बाजूच्या मध्यावर, त्या गुरगुरीच्या कितीतरी खाली, कोणीतरी लोखंडावर ठोके मारतं. दोन, मग थांबून एक. मग सगळं शांत. राग नाही, घाई नाही. ठोकणारा दर वेळी कान लावून पलीकडचं ऐकतो आहे असं वाटतं. या वर्षी ऐकलेल्या सगळ्या आवाजांत माझ्या अंगावर काटा आणला तो याच आवाजाने.’ आता सांग. माझ्याकडे पंखा आहे, पाणी आहे, शेवटी मी स्वतः बोंबललोय. ठोकलं कोणी?"

"तुला माहीत नसेल. तळघरात कुठेतरी वाजलं असेल."

"अरे, मी महिनाभर तेच ऐकतोय. नाहीत ठोके. डुलकी लागली होती का? राग मानू नकोस हं. पाहिजे तर मी ठोके घालतो त्यात. तू म्हणशील तिथे."

"माझे कान शाबूत आहेत," यार्मो म्हणाला आणि फोन ठेवला.

सॉसेज एका बाजूने काळं झालं होतं. त्याने ते तसंच खाल्लं, उभ्या उभ्या, मोहरीसुद्धा न घेता.

कान शाबूत आहेत हे म्हणणं सोपं होतं. कारखाना चालू होता तेव्हा यार्मोनेही कागदाच्या मशीनशेजारी उभं राहून उमेदीची वर्षं काढली होती. त्याच्या पाळीतल्या एकाच्या कानात आता रात्रंदिवस शिट्टी वाजते. दुसऱ्याला नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात आणि त्याची मुलगी त्याला औषध देऊन झोपवते. यार्मोला या दोघांची आठवण काढायला आवडत नसे. बायको नाही, मूलबाळ नाही, नोकरी गेली. कान तेवढे राहिले होते. तेही गेले तर ‘गंज’मध्ये काय, हवामान छापायचं?

यार्मोचा एक नियम होता. कॅसेट एकदाच ऐकायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्या स्पीकरवर, आणि ऐकता ऐकताच लिहायचं. छापून होईपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. पहिल्यांदा ऐकलेलं तेच खरं, नंतरची सगळी हुशारी, असं त्याचं म्हणणं. ‘तळघर’ त्याने काल दुपारी ऐकली होती. रात्रीच्या जेवणाआधी कॅसेटचं मशीन बंद केलं, लिहिलेलं टाइप केलं, इल्पोला पाठवलं आणि समाधानाने झोपला.

आज त्याने नियम मोडला. कॅसेट घातली, दुसरी बाजू लावली आणि खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसला.

पंखा आला. पाणी आलं. गुरगुर जमिनीतून वर चढू लागली. मध्य आला तसा यार्मोने श्वास रोखला. ठोके आले नाहीत.

त्याने कॅसेट मागे नेली आणि आवाज वाढवला. नाहीत. आणखी वाढवला. कपाटातले कप किणकिणायला लागले, खिडकीची काच थरथरली, बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं आणि रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी चालली होती तीही ऐकू येईना. यार्मोने बटण शेवटपर्यंत फिरवलं. एवढ्या आवाजात त्याने आजवर काहीच लावलं नव्हतं. लावू दिलं असतं तर ना!

आणि तिथेच त्याचा हात थांबला.

खालून कोणी ठोकत नव्हतं.

खालच्या मजल्यावर हिल्काबाई राहायच्या. नवरा एइनो, या इमारतीचा जुना रखवालदार, जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून बाई एकट्या, आणि त्यांची यार्मोशी लढाई चालू. वर आवाज चढला की बाई स्वयंपाकघरातली लोखंडी पळी घेत आणि सगळ्या मजल्यांतून वर गेलेल्या हीटरच्या गरम पाण्याच्या पाइपवर बडवत, टणटणटणटण, कोबी चिरावा तशा भराभर. मग यार्मो आवाज कमी करी आणि टाचेने जमिनीवर एकदा ठोका देई. म्हणजे, ऐकलं. एवढंच त्यांचं बोलणं. जिन्यात गाठ पडली तर थोडं जास्त.

"काल काय डुक्कर कापत होतास का रे?"

"नाही बाई, स्वीडनची कॅसेट होती."

"तेच ते."

एकदा त्याने बाईंचं मत जसंच्या तसं ‘गंज’मध्ये छापलं होतं : "खालच्या मजल्यावरून : फ्रीज बिघडलाय, मेकॅनिकला बोलवा." ती कॅसेट सगळ्यात लवकर संपली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग मला अर्धे पैसे दे मेल्या.

इतक्या वर्षांत त्याने लावलेलं सगळंच्या सगळं कोणी ऐकलं असेल तर ते बाईंनी. आणि आज घर हलतंय तरी पळी गप्प.

यार्मोने मशीन बंद केलं. कानात नुसती शांतता घुमत राहिली. काल दुपारचे ते ठोके त्याला पुन्हा आठवले, लोखंडावरचे, खूप खालून आलेले.

"अरे देवा," तो मोठ्याने म्हणाला. "अरे, मी त्यावर लिहिलं!"

तो मोज्यांवरच जिना उतरला. बाईंची बेल दाबली, दाराला थापा मारल्या. मग गुडघ्यांवर बसून पत्रं टाकायची फट बोटाने उचलली. आत चटईवर सकाळचं वर्तमानपत्र पडलेलं होतं, कालचंही. नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"हिल्काबाई! मी यार्मो. वरचा!"

काही नाही. मग नळाच्या आवाजाच्या पलीकडून काहीतरी आलं, श्वास की कण्हणं कळेना. दुसऱ्या कोणाला ते ऐकू आलं नसतं. यार्मोला आलं.

ॲम्ब्युलन्स आणि इमारतीच्या देखभालीचा किल्लीवाला एकदमच पोचले. बाई न्हाणीघरात पडलेल्या होत्या, एका कुशीवर, हात अंगाखाली अडकलेला. न्हाणीघराची फरशी विजेवर गरम राहते म्हणून त्या वाचल्या, असं ॲम्ब्युलन्समधली मुलगी म्हणाली. खुब्याचं हाड गेलं होतं. त्यांना स्ट्रेचरवर घेईपर्यंत यार्मो स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभा राहिला. समोर चुलीवर खिळ्यांना ओळीने चमचे, झारा, पळी टांगलेली होती. त्याने ते पाहिलं आणि नजर वळवली.

किल्लीवाला धिप्पाड गडी होता, त्याला रिकामं उभं राहवेना. त्याने हीटरवर हात ठेवून पाहिला.

"गारढोण. हवा अडकलीय पाइपात," तो म्हणाला. "या जिन्यातल्या वरखालच्या साऱ्या घरांची हीच बोंब आहे. म्हातारा एइनो होता तोवर बरं होतं. पाइपवर पाना मारायचा, कान लावायचा, की लगेच सांगायचा हवा कुठे बसलीय ते. आम्ही आपले नंबर लागेल तसे हवा काढायला येतो. या जिन्यात तर अजून कोणी फिरकलंच नाही."

यार्मोचं लक्ष नव्हतं. तो जिन्यातून उतरत जाणाऱ्या स्ट्रेचरकडे पाहत होता.

बाईंना भेटू देईपर्यंत काही दिवस गेले. ते दिवस यार्मोने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. एक म्हातारी जीव वाचवायला ठोकत होती आणि वर बसून त्याने तिच्या ठोक्यांची वाहवा लिहिली होती. अंगावर काटा आला म्हणे! इल्पोचा फोन आला, तो मजकूर काढतोस का म्हणून. यार्मोने फोन ठेवून दिला.

दवाखान्यात जाताना त्याने वेलदोड्याचे पाव घेतले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. एवढ्याशा झाल्या होत्या.

"आलास? पाव कुठले आणलेस? चौकातले नको, तो साखर फार घालतो."

"स्टेशनजवळचे आहेत."

"मग दे."

त्याने पाव दिला. बाईंनी तो डाव्या हाताने घेतला, उजवा अजून सुजलेला होता. यार्मो खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, मला तुमची माफी मागायचीय."

"कशाबद्दल? यादी मोठी आहे."

"मी ऐकलं होतं. आदल्याच दिवशी, दुपारी. तुम्ही पाइपवर ठोकत होता ते मी ऐकलं. मला वाटलं, कॅसेटमध्येच आहे. नुसता बसून राहिलो. वर त्याचं कौतुकही लिहिलं. तेव्हाच खाली आलो असतो तर तुम्हाला रात्रभर तिथे पडावं लागलं नसतं."

बाई चावता चावता थांबल्या.

"मी कधी ठोकलं?"

"तुम्ही पडलात त्या दिवशी."

"कशाने ठोकणार? पळी स्वयंपाकघरात. एक हात अंगाखाली, दुसरा हलेना. हाकसुद्धा निघत नव्हती रे तोंडातून." त्यांनी पावाचा तुकडा चादरीवर ठेवला. "ठोके मीही ऐकले. मला वाटलं, तुझं काहीतरी चाललंय वर."

यार्मोने मान वर केली.

"दोन, मग एक," बाई म्हणाल्या. "मग गप्प. पडल्या पडल्या म्हटलं, चला, या गाढवाने आज जन्मात पहिल्यांदा ऐकण्यासारखं काहीतरी लावलं. डोळा लागायला आला की ठोके सुरू. झोपूच देईना मेलं. डॉक्टर म्हणतो, झोपला असतात तर उठला नसतात." त्यांनी नाक ओढलं. "त्या तुझ्या कॅसेटवाल्याला सांग माझा निरोप. बरं वाजवतो म्हणावं. पण रात्रभर लावायची काय गरज होती?"

खिडकीबाहेर नदीवरचा बर्फ निळसर दिसत होता. यार्मोने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधीच मशीन बंद केलं होतं, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते परत गिळलं.

"सांगतो निरोप," तो म्हणाला. "अजून एक पाव घ्या."

"दे. आणि हे बघ, मी येईपर्यंत धांगडधिंगा घालू नकोस. ऐकायला कोणी नाही म्हणून मोकाट सुटशील."

घरी आल्यावर त्याने बूट दारात काढले आणि इल्पोला फोन लावला.

"मजकूर तसाच राहणार," तो म्हणाला. "एक शब्द बदलणार नाही."

"ठोक्यांचं पण?"

"ठोक्यांचं पण."

"अरे, पण माझ्या कॅसेटवर नाहीत ते!"

"मला माहीत आहे," यार्मो म्हणाला. "पण ऐकलं ते ऐकलं."

फोन ठेवून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. खालचं घर बंद होतं. हीटरला हात लावून पाहिला, तर इतके दिवस गार असलेला तो आता गरम होता, वरपासून खालपर्यंत सारखा. हवा काढायला जिन्यात अजून कोणी आलं नव्हतं.

यार्मोने पाय उचलला आणि टाचेने जमिनीवर एकदा ठोका दिला.