पाठकोरा कागद

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची, म्हणजे वीतभर पात्यांची आणि चांगली वजनदार. हल्ली मी एका कपाटाच्या खणात पडून असते. सोबतीला एक अर्धवट कोट आहे. मित्रांनो, त्या कोटाची गोष्ट माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस बोलत नाही. मी तर जन्मभर तोंड उघडले आणि मिटले, पण त्यातून एक शब्द निघाला नाही. तुम्हाला माझे ऐकू येते आहे, हेच नवल.

माझ्या जन्माचे फारसे सांगण्यासारखे नाही. लोहाराने तापवले, ठोकले, घासले. तुमच्या शाळेत करतात तसेच. मग मास्तरांनी मला विकत घेतले. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. मला ते कोणाच्याही हाती देत नसत. एकदा त्यांच्या बायकोने मला घेऊन सुतळी कापली, तर घरात दोन दिवस अबोला होता. गिऱ्हाईक आले की मला उंच धरून म्हणत, "ही कात्री सूतभर इकडची तिकडे जात नाही. एक चूक दाखवा, सूट फुकट शिवून देतो!" मी खुलून जात असे. त्या कौतुकाचे पुढे काय होणार हे तेव्हा कळले असते, तर मी मुद्दाम एखादी बाही वाकडी कापली असती.

त्या घरात एक रीत होती. पाठकोरा कागद, म्हणजे एका बाजूने कोरा असलेला कागद, मास्तरांचा. जुनी कॅलेंडरे, शाळेच्या सूचना, जाहिराती, जे काही वाचून होईल ते कोरी बाजू वर करून कापणीच्या टेबलावर ठेवायचे. मास्तर त्यावर आखून कॉलरींचे नि खिशांचे नमुने कापत. त्यांची एकुलती एक लेक चालायला लागली तेव्हापासून ही रीत पाळत होती. तिच्या गणिताच्या पेपरांतून मी निम्म्या गल्लीच्या कॉलरी कापल्या आहेत.

तिला घरात बटण म्हणत. लहानपणी ती बटणांचा डबा उपडा करून बसे आणि बटणे रंगांप्रमाणे नाही, तर भोकांच्या संख्येप्रमाणे लावी. पोरगी गणिताची आहे, हे मास्तरांनी तेव्हाच ओळखले.

शाळा संपली आणि एकाच आठवड्यात दोन पत्रे आली. एक मुलींच्या कॉलेजचे. ते घरापासून वीस मिनिटांवर, आणि तिथल्या प्राचार्यबाई कपडे आमच्याकडेच शिवत. दुसरे विद्यापीठाचे. ते दिवसभराच्या प्रवासावर, थंड हवेच्या गावी, आणि तिथे मुलगे-मुली एकाच वर्गात. गणित दोन्हीकडे चांगले. आता बटण कात्रीत सापडली, हे मी माझ्या तोंडाने म्हणू नये; पण दुसरा शब्द नाही.

आई म्हणाली, "मुलींमध्ये मोकळी राहशील गं. क्लासमध्ये मुलगे असले की तुझी दातखीळ बसते, मला का माहीत नाही?"

"म्हणून तर," बटण म्हणाली. "पुढे कामाला लागले की समोर सगळेच असणार. तेव्हा कुठून आणू आवाज?"

"मास्तर, तुम्ही बोला की काहीतरी!" आई वैतागली. घरातही ती त्यांना मास्तरच म्हणे.

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढली आणि म्हणाले, "बायकांच्यात शिकावं. जवळ आहे, बरं आहे." झाले. बाबांच्या पुढे बोलायची तिला सवय नव्हती आणि टाचण्या काढून ठेवून बोलायची मास्तरांना नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी मास्तर एक जाकीट बेतत होते. मापाच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. आतल्या आरशासमोर बटण उभी होती. "सर, मला एक शंका आहे," ती पुटपुटली. मग पुन्हा, जरा मोठ्याने. पाचव्या खेपेला आवाज चिरकला, नवव्या खेपेला स्थिर झाला. "सर, मला एक शंका आहे. तिसऱ्या ओळीत तुम्ही चुकलात." मास्तरांचा हात थांबला. मी त्या हातात होते, म्हणून सांगते: पडद्याआड आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी मला हळूच खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ते जाऊन गडद निळे लोकरी कापड घेऊन आले. वीस मिनिटांवरच्या कॉलेजला कोणी लोकरी कोट घालून जात नाही, मित्रांनो. पण त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. कोट पुरा करून एकदम तिच्या अंगावर घालायचा, असा त्यांचा बेत.

इकडे बटणनेही मनाशी ठरवले होते. विद्यापीठाचा फॉर्म तिने भरला, 'प्रवेश स्वीकारते' या ओळीपुढे बरोबरची खूण केली. फक्त बाबांची सही हवी होती. फॉर्म टपालात टाकायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती तो घेऊन दुकानात आली, तर मास्तर अस्तर आणायला गेलेले. तिला शाळेतून दाखला आणायचा होता. आपण सांगायच्या आधी ती खूण बाबांना दिसू नये, म्हणून तिने फॉर्म सवयीने कापणीच्या टेबलावरच पालथा ठेवला. कोरी बाजू वर. आणि ती गेली.

मला दिसत होते. मी शेजारीच पडले होते. मी काय करणार?

मास्तर घाईने परतले. पोरगी यायच्या आत कॉलर कापून घ्यायची होती. वरचा कागद ओढला, पाठ थोपटावी तसा सपाट केला, खडूने आखले आणि मला उचलले. जाड, गुळगुळीत कागद होता. मी फार छान चालले, याची मला आजही लाज वाटते. नमुना निळ्या कापडावर टाचला, कापड कापले, गुंडाळी करून खणात दडवली. कात्रणे कचरागाडीत गेली.

बटण परतली तेव्हा तीन वाजले होते. टपाल चारला निघे. तिला टेबलाखाली एक पट्टी सापडली, त्यावर विद्यापीठाचा अर्धा शिक्का.

"बाबा, हे काय केलंत?"

मास्तरांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "चुकून गं... पाठकोरा वाटला मला."

"चुकून?" तिचा आवाज आरशासमोर झाला होता तसा स्थिर होता. "सगळ्या गल्लीला सांगता, माझी कात्री चुकत नाही म्हणून. आज बरी चुकली! मला पाठवायचंच नव्हतं, तर तसं म्हणायचं होतंत."

मास्तर वळले. कपाटापर्यंत गेले, खणाच्या मुठीला हातही लावला. मग थांबले. कोट दाखवायचा तर तिच्या फॉर्मचा तुकडा टाचलेली ती कॉलरही दाखवावी लागणार होती. त्यांचा हात खाली आला. समोरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी विद्यापीठाला फोन लावला, हात जोडून बोलल्यासारखे बोलले. पलीकडचा कारकून म्हणाला, "नंबराचा फॉर्म एकदाच मिळतो. आणि त्यावर आजचा टपालशिक्का हवा." चार वाजून गेले. माझे तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार असे झाले.

बटण मुलींच्या कॉलेजात गेली. तिथेही तिचे भले झाले, हे खोटे कशाला सांगू? आवाज उघडला, पहिली आली, आता दूर कुठेतरी गणित शिकवते. सुटीत येते. "बरे आहात ना बाबा?" विचारते आणि उत्तर पुरे व्हायच्या आत आईकडे वळते. अंगावर तयार कपडे असतात. त्या दिवसानंतर बाबांच्या हातचे तिने काही घातले नाही. मास्तरांनीही त्याच संध्याकाळी मला कोटाशेजारी ठेवले आणि दुसरी कात्री आणली. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेल द्या, धार लावा, हे तुम्हाला इतर कात्र्या सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कोणी कधी त्या दुकानात गेलात आणि मास्तरांची लेक सुटीला आलेली असली, तर तिला एवढेच सांगा, की कपाटाचा उजवा, खालचा खण उघड. तो अडकतो, जरा वर उचलून ओढावा लागतो. आत निळी कॉलर आहे. तिला टाचलेला कागद अजून काढलेला नाही. तो उलटून बघ म्हणावे. त्यावर तिचीच खूण आहे, आणि कॉलर तिच्याच मापाची आहे.