तांब्याच्या तारेची बाजू

ऐक ना यार, आत्ता गच्चीवर काय झालं ते ऐक. मी शेगडीवरची लोखंडी जाळी बोलतेय, चिकलठाण्यातून. जरा घाईत आहे, खाली निखारे फुलायला लागलेत.

माझा जन्म शेंद्र्याचा. तिथं कारखान्यात इम्रान वेल्डिंग करतो. साहेबाला विचारून त्यानं उरलेल्या सळ्या घेतल्या आणि जेवायच्या सुट्टीत मला जोडलं, दोस्त अभयसाठी. एक सळी घाईत बसली. म्हणून मी जास्त तापले की कड् करून वाकते, आणि वर जे असेल ते डायरेक्ट निखाऱ्यात. अभय म्हणतो, जाळीला नखरे लई.

अभयची आई, द्वारकाबाई, चिकनला हात लावत नायत. पण भरताची वांगी माझ्यावरच भाजायची त्यांना हौस. मग इम्राननंच तोडगा काढला. माझ्या एका अंगाला तांब्याच्या तारेची गाठ मारली आणि म्हणाला, "मावशी, तारवाली बाजू आपकी, दुसरी हमारी."

द्वारकाबाईंनी बजावलं, "बरं. पण गाठ हलली तर जाळी भंगारात."

तेव्हापासून गाठ वर असली की वांगी, खाली गेली की तंगडी. माझं एक अंग पक्कं शाकाहारी. मला त्याचा थोडा गर्व पण आहे, खोटं कशाला बोलू.

आज सायलीनं घोळ केला. सायली म्हणजे अभयची बायको, नवीनच लग्न झालंय. दोघं दोस्त मला धुतात म्हणजे काय, तर तारेच्या बाजूला जरा काथ्या फिरवतात. बाकी सगळा मेणचट काळा थर. तिला ते बघवेना. गरम पाणी, खायचा सोडा, शेगडीतली राख, लिंबाची फोड, वरून तारेची घासणी. उलटी, सुलटी, परत उलटी. इतक्या गुदगुल्या मला जन्मात झाल्या नव्हत्या. चकाचक झाले, आणि गाठ तुटून गेली मोरीत.

सायलीचा चेहराच उतरला. जिन्यात सासूबाईंच्या चपला वाजत होत्या. तिनं पटकन एका जुन्या वायरची तार सोलली आणि अंदाजानं गाठ मारली.

चुकीच्या बाजूला, यार.

द्वारकाबाई वांगी घेऊन आल्या, वाकून बघितलं. "तार लई चकाकती गं."

"आई, घासताना तुटली. मी नवीन बांधली. बाजू तीच आहे का, मला नाय माहीत."

मी गार. आता भंगार, पक्कं.

द्वारकाबाई खुदकन हसल्या. "जाळीला भोकं असतात, बाई. वरचं खाली ठिबकतंय, हे मला कळत नाय व्हय? इस्तवावर सगळं जळतंय. आन् वांग्याचं साल कोण खातंय?"

"मग गाठ कशाला?"

"गाठ हाय म्हणून ते दोघं एक बाजू तरी घासतात. नायतर तेवढंबी नाय. सांगू नको त्यांना."

दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या. वांगी भाजून झाली, भरताला खाली गेली. मला वाटलं, संपलं.

मग अभय आणि इम्रान चिकन घेऊन आले. इम्राननं नवी गाठ बघितली, अदबीनं मला उलटं केलं. "मावशी की बाजू नीचे. रख अब."

आणि अभयनं पहिली तंगडी ठेवलीय, माझ्या त्या अंगावर, ज्याला वांग्याशिवाय आजवर काही लागलं नाय. मी तापत चाललेय. मनात आणलं तर कड् करून वाकेन, तंगडी निखाऱ्यात. पण मग इम्रान सळी तपासणार, गाठ बघणार, सायलीला विचारणार, आणि दोघींचं गुपित फुटणार. गप पडून राहिले तर तंगडीचं तेल माझ्या शाकाहारी अंगात मुरणार.

लवकर सांग यार, तू माझ्या जागी काय केलं असतंस?