रिकाम्या डबीच्या जागी शून्य

मे महिन्यात हार्डांगरच्या बागांत सफरचंदं मोहरली की बागवाल्यांना कडाक्याच्या थंडीची आगाऊ सूचना द्यायची, हे आमच्या छोट्या कचेरीचं काम. प्रोग्राम माझा. बागांमधले तापमापक ओड्डवार सांभाळायचा, त्यांचे सेल बदलायचा.

२००३ सालच्या वसंतात मी एक ओळ लिहिली: तापमापक चालू असेल तर त्याचा आकडा, बंद असेल तर काहीच नाही. लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने ती नाकारली. त्याच्या लेखी आकडे दोन जातींचे. एक उघडा, तो काहीतरी असतोच. दुसरा डबीतला, आणि डबी रिकामीही असू शकते. एकाच ओळीत इकडे उघडा आकडा आणि तिकडे रिकामी डबी, हे त्याला चालेना.

"काय गं सुन्निवा, तुझ्या मास्तराने परत वही फेकली?" ओड्डवारने विचारलं. कंपायलरला तो मास्तर म्हणायचा.

"सकाळपासून तिसऱ्यांदा."

"मग कर ना बाई त्याच्या मनासारखं! वॉफल गार होतायत."

खरं तर उघडा आकडाही डबीत घालायला हवा होता. पण मग पुढच्या चाळीस ओळी बदलाव्या लागल्या असत्या. मी रिकाम्या डबीच्या जागी शून्य लिहिलं. मास्तर गप्प झाला.

मे अखेरीस आयोल्फ नावाच्या बागवाल्याच्या बागेतल्या तापमापकाचा सेल संपला. पारा उणे चारवर उतरला. धोक्याची घंटा उणे एकला वाजायची, आणि माझा प्रोग्राम शून्यच धरून बसला होता. सगळा मोहोर काळा पडला.

"साधा एक सेल बदलता येत नाही तुला?" बैठकीत आयोल्फ सगळ्यांदेखत ओरडला.

"चूक माझीच," ओड्डवार मान खाली घालून म्हणाला.

डबी रिकामी दिसली की तापमापक बंद पडल्याची घंटा वाजते, म्हणजे सेल संपला तरी ती वाजायलाच हवी होती, हे फक्त मला ठाऊक होतं. ती ओळ मी त्याच सकाळी गुपचूप दुरुस्त केली होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ओड्डवार दर सोमवारी डोंगर चढून धडधाकट सेल बदलत राहिला. त्यात गुडघा गेला. खिशात सेल खुळखुळायचे. तो आवाज आला की मी खिडकीबाहेर बघायची.

गेल्या रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे सेल संपला तरी घंटा वाजली असती?"

"हो, ओड्डवार."

त्याने खिशातून दोन सेल काढून टेबलावर ठेवले. अजून बाळगतो.

"मास्तर तुला ओरडला होता ना तेव्हा?"

"तीनदा."

"आणि मला ओरडले तेव्हा तू शेजारीच बसली होतीस."

माझा कप रिकामा होता. कॉफीची किटली त्याच्या हाताशीच होती. त्याने ती उचलली नाही.