नाताळपर्यंत

सलोमीला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. अंबडच्या कंपनीत स्विच जोडायच्या लाइनवर दिवसभर बसून काम, तरी तिचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा. शेजारी बसणारी मनीषा मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवायची. अशा बाईला नोव्हेंबर सरता सरता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आता पलंगावरून उतरायचं नाही, फक्त बाथरूमपुरतं उठायचं. याआधी दोनदा तिचं पोट अर्ध्यातच रिकामं झालं होतं. या खेपेला पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, पण त्याचाही भरवसा वाटेना.

"नाताळपर्यंत कसंही करून ढकला," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. नवरा विल्सन सकाळीच नाशिकरोडला कामावर जाई. घरात सासू, मार्थाबाई. त्या बोलायला कमी आणि कामाला वाघ. सलोमी कुशीवर पडून स्वयंपाकघरातले आवाज ऐकत राही. डाळीला एक शिट्टी जास्त झाली की बोलणं तिच्या ओठांवर यायचं, ते ती गिळून टाकायची. संध्याकाळी जवळच्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली की मात्र तिला पलंग खायला उठायचा. दरवर्षी वरचा सूर तिचा असे. यंदा तिच्या जागी कुणी तरी कोवळ्या गळ्याची मुलगी गात होती आणि दुसऱ्या कडव्यात दर वेळी घाई करत होती.

दिवसभरात एकच वेळ तिला गोड लागायची, शिफ्ट सुटल्यावर मनीषा यायची ती. मनीषाचं घर मखमलाबादला, मळ्यात. सासरी भाजी आणि शेवंती. कंपनीच्या बसने सीबीएस स्टँडला उतरून सरळ घरची गाडी पकडायची सोडून ती आधी सलोमीकडे वळायची. मेथीची जुडी नाही तर मूठभर फुलं मार्थाबाईंच्या हातात द्यायची आणि पलंगाच्या कडेला बसून दिवसभराचं सगळं सांगायची. सुपरवायझर कुणावर डाफरला, कॅन्टीनच्या भाजीत काय निघालं, बसमध्ये कुणाचं कुणाशी वाजलं. जाताना म्हणायची, "चल, आजचा एक गेला."

डिसेंबर लागला आणि काहीतरी बिनसलं. मनीषा यायची, बोलायची, पण तिचं लक्ष मोबाइलकडे. कॅन्टीनचा तोच किस्सा तिने दोनदा सांगितला. चहा तसाच ठेवून उठली. सलोमीच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरांनी विल्सनला काही सांगितलंय, विल्सनने मनीषाला, आणि सगळे मिळून आपल्यापासून लपवताहेत. त्या रात्रीपासून तिला झोप लागेना. पोटावर हात ठेवून ती बाळाची हालचाल चाचपत राही. हाललं तरी धास्ती, नाही हाललं तरी धास्ती.

"खरं सांग," ती विल्सनला म्हणाली, "बाळाला काही झालंय का?"

"काही नाही गं. कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

तिचा विश्वास बसला नाही. शेवटी विल्सनने सुट्टी काढली, रिक्षा दारात आणली आणि पुन्हा सोनोग्राफी करून आणली. बाळ नीट होतं. तरी सलोमीचं मन शांत होईना. मग मनीषा अशी का वागते?

उत्तर आलं ते शुभांगीच्या फोनवरून. शुभांगी त्यांच्याच लाइनवरची. तब्येतीची चौकशी करता करता ती सहज म्हणाली, "आणि मनीषाच्या मिस्टरांच्या हाताचं काय? टाके निघाले का?"

 सलोमीने मग हळूहळू सगळं काढून घेतलं. मनीषाचा नवरा समाधान अंबडलाच दुसऱ्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. दहा-बारा दिवसांपूर्वी त्याचा डावा हात मशीनमध्ये गेला. दोन बोटं निम्म्यावरून तुटली. तेव्हापासून तो घरी होता, कुणाशी धड बोलत नव्हता, जेवणाचं ताट सरकवून देत होता.

त्या संध्याकाळी मनीषा येऊन बसली, तशी सलोमीने विचारलं, "समाधानभाऊ कसे आहेत?"

मनीषाचा चेहरा उतरला. "शुभांगीने सांगितलं ना? तिला बजावलं होतं मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला टेन्शन द्यायचं नाय, असं डॉक्टर म्हणाल्या ना. अशा टायमाला कसं सांगू?"

"आणि तू रोज इथे येऊन मला हसवतेस. घरी नवरा तसा बसलेला. मला काय वाटलं माहितीये? माझं बाळ गेलं आणि तुम्ही सांगत नाही आहात."

 मनीषाने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. एवढे दिवस कुठेच रडली नव्हती ती. घरी सासू-सासरे, कंपनीत लाइन. सलोमी कुशीवर वळली आणि तिने मनीषाच्या गुडघ्यावर हात ठेवला. 

"दिवसभर काय करतात ते?" सलोमीने विचारलं.

"भिंतीकडं बघत बसत्यात. मळ्यात जा म्हटलं तर म्हणतात, लोक हात बघतात."

"उद्यापासून त्यांना इथे पाठव. मी इथे भिंतीकडे बघते, ते तिथे बघतात. एकाच भिंतीकडे बघू. आई आहेतच घरात."

मनीषाला ते विचित्र वाटलं, पण दुसऱ्या दिवशी ती समाधानला सोबत घेऊनच निघाली आणि त्याला दारात सोडून कामावर गेली. पहिले दोन दिवस तो खुर्चीत मान खाली घालून बसला. बँडेज बांधलेला हात शर्टाखाली लपवलेला. मार्थाबाईंनी चहा दिला की घ्यायचा, एवढंच. सलोमीला वाटलं, आपण उगीच घोळ घातला. तिसऱ्या दिवशी मार्थाबाईंनी त्याच्यापुढे बांबू आणि कोयता ठेवला.

"आमच्याकडे नाताळला दारात कागदाचा तारा लागतो. विल्सनला वेळ नाही. तुमच्या मळ्यात बांबूची कामं असतातच. करून द्या."

"एका हातानं कसं व्हायचं?" समाधान म्हणाला.

"तिला दोन आहेत," मार्थाबाई सलोमीकडे बोट करून म्हणाल्या आणि आत गेल्या.

समाधानने बांबू पायाखाली दाबून कामट्या काढल्या. सलोमी पडल्या पडल्या टोकं धरायची, सुतळीने गाठी मारायची. त्यावरून त्यांची चांगली जुंपली. तिची गाठ सैल, त्याची कामटी वाकडी. एकदा सगळा सांगाडा सुटला आणि पहिल्यापासून करावा लागला. पण बोलणं सुरू झालं. तिसऱ्या तासाला कधीतरी तो म्हणाला, "ताई, मला त्या मशीनसमोर परत उभं राहवणार नाही. मनीषाला अजून बोललो नाही."

"मग बोला. तिला कळतं सगळं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून बाळासाठी एक झबलंसुद्धा घेऊ दिलं नाही कुणाला."

तारा लागला, त्याच्यावर लाल कागद चढला. नाताळ चार दिवसांवर आला. त्या दुपारी मार्थाबाई रवा, मैदा आणि साखरेचे डबे घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला गेल्या. तिथे ही रांग. समाधान गॅलरीत उभा होता. आतून सलोमीने हाक मारली. आवाजावरूनच त्याला कळलं. गादी ओली झाली होती आणि ती दातओठ खात होती.

"अजून दिवस आहेत," ती म्हणत राहिली. "अजून नाताळ आला नाही."

समाधानने आधी डॉक्टरांना फोन लावला, मग शेजारची दारं ठोठावली. सगळे कामावर गेलेले. खालच्या मजल्यावरचे सावळीराम काका आणि त्यांची सून तेवढे भेटले. सलोमीला पायऱ्या उतरू द्यायच्या नव्हत्या. तिला खुर्चीत बसवलं. पुढून काकांनी आणि सुनेने धरलं, मागून एकट्या समाधानने. उजव्या हाताने पाठ आणि डाव्या कोपरात खुर्चीचा दांडा. अर्ध्या जिन्यात खुर्ची कलंडू लागली, तशी त्याने डाव्या पंजाने ती पकडली. खाली आले तेव्हा बँडेज लाल झालं होतं. रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसला आणि हॉस्पिटल येईपर्यंत मागे वळून बोलत राहिला. मळ्यातली शेवंती, वडिलांचा बैल, जे सुचेल ते. सलोमीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण तो थांबला की ती म्हणायची, "बोला."

टाका काढला आणि दिवेलागणीच्या सुमाराला मुलगी झाली. जेमतेम पावणेदोन किलोची. रडली, पण मांजरीच्या पिल्लासारखी. तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. सलोमीला ती नर्सच्या हातात ओझरती दिसली तेवढीच.

पुढचे दिवस नुसते घिरट्या घालण्यात गेले. झोपून राहायची सक्ती संपली होती, पण जायचं कुठे? वॉर्डमधून पेटीच्या खोलीपर्यंत, काचेतून बघायचं, परत यायचं. डॉक्टर म्हणायच्या, बघू, श्वास अजून दमवतोय तिला. मनीषा रजा टाकून आली. यावेळी तिने कंपनीचं काही सांगितलं नाही. समाधानचे दोन टाके पुन्हा घालावे लागले, तो प्रेसवर जायचं नाही म्हणतोय, सासरे चिडलेत, असं सगळं घडाघडा बोलली. सलोमीनेही दूध उतरत नाही म्हणून रडून घेतलं.

नाताळच्या सकाळी विल्सन आणि मार्थाबाई चर्चला गेले. सलोमी आणि मनीषा पेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार उघडून नर्स बाहेर आली.

"साळवेंचं बाळ? रात्रीच ऑक्सिजन काढलाय. आज थेंब थेंब दूध देऊन बघायचं. आई कोण?"

सलोमी उठली. मनीषाने तिला दंडाला धरून दारापर्यंत नेलं. आत एकटीलाच सोडत होते. नर्सने हात धुवायला लावले, गाऊन घातला. मनीषा काचेला नाक लावून बाहेर उभी राहिली आणि तिने समाधानला फोन लावला.

"ऐका," ती हळू आवाजात म्हणाली, "पोरगी दिली सलोमीच्या मांडीवर. हां, दूध घेतलं तोंडात. घेतलं."