इंद्रायणीतले लाल जीव

मी चिखलीच्या एका शाळेतला सूक्ष्मदर्शक. बारीकसारीक दाखवणं हा माझा धंदा. पण माझी पहिली अकरा वर्षं लोखंडी कपाटाची आतली बाजू बघण्यात गेली.

मी महागाचा, म्हणून मला जपत. किल्ली शिपाई सोनबाकडे. कुणी मला मागितलं की तो म्हणे, "फुटलं म्हंजी? सही माझी हाय." खंडेनवमीला मात्र मला बाहेर काढत. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना हार पडतो, मी कसा सुटेन? सोनबा सढळ हाताने कुंकू वाही, नारळ फोडी आणि पुन्हा कुलूप लावी.

मग नववीतली तेजल आली. वडील चाकणच्या कंपनीत प्रेसवर. घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. अशाच मुलांना पुण्याची एक संशोधन संस्था मे महिन्यात प्रयोगशाळेत काम करायला बोलावणार होती. अट एकच : स्वतः केलेलं एक निरीक्षण पाठवायचं. विज्ञानाच्या मंजुषा मॅडमनी लेखी अर्ज करून सोनबाकडून किल्ली मिळवली.

तेजलने इंद्रायणीचं पाणी आणलं, डोळा लावला आणि ओरडलीच, "मॅडम, लाल जीव!"

मॅडम हरखल्या. तासाभरात मुख्याध्यापकांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं. आमच्याकडे शोधाला वेळ लागतो, अभिनंदनाला नाही.

मला खरं ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती.

चार दिवस तिनं त्या जीवांची चित्रं काढली. पाचव्या दिवशी नळाचं पाणी घेतलं. जीव हजर! खालची पाण्याची काचच काढली. तरी हजर! मग तिनं माझं वरचं भिंग फिरवलं, तसे तेही फिरले. तिनं भिंग उघडलं, आत बोट फिरवलं.

"सोनबामामा, हे तुमचं कुंकू!"

"देवाचं हाय ते," सोनबा म्हणाला.

संस्थेला निरीक्षण पाठवायला एकच दिवस उरला होता. "आता दुसरं काही बघायला वेळ नाही गं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग हेच पाठवते. कुठं चुकलं आणि कसं कळलं, ते."

फळा पुसायला मुख्याध्यापकांना दोन दिवस लागले.

मार्चमध्ये पत्र आलं. निवड झाली होती. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'नळाचं पाणी बघायचं सुचलं, म्हणून.'

आता मी खिडकीपाशी असतो. पोरं मला माशीचे पंख, कांद्याची साल, एकमेकांच्या उवा दाखवतात. एक स्क्रू ढिला झालाय, तक्रार नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला खुशाल ओवाळा. पण आधी हाताळा.

यंदा खंडेनवमीला सोनबा ताट घेऊन माझ्यासमोर घुटमळला.

"लावू का नगं?" त्यानं तेजलला विचारलं.

"खाली बुडाला लावा मामा. भिंगाला नको."

"नगंच. परत जीव निघायचं." असं म्हणून त्यानं कपाटाच्या उघड्या कुलपाला कुंकू लावलं आणि नारळ फोडला.