आधी उलटी, मग सुलटी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला एका जागी गप्प बसवत नाही. मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. माझ्यावर बसणाऱ्याच्या मनात जरा चलबिचल झाली, की ती थेट माझ्या सांध्यांत उतरते आणि मी कुरकुरू लागते. लोक म्हणतात, खुर्ची बिघडली. खुर्ची कशाला बिघडेल? माणसाचा जीव थाऱ्यावर नसतो आणि नाव आमचं येतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाच पाय, पायांना चाकं, पोटात वरखाली होणारा दट्ट्या आणि अंगावर काळंभोर रेक्झिन. तिथून मी एका मोठ्या कचेरीत साहेबांच्या टेबलामागे गेले. काय माझा थाट होता! साहेब जेवायला गेले की शिपाई हळूच येऊन माझ्यावर एक गिरकी घ्यायचा आणि मला पुन्हा जशीच्या तशी ठेवून द्यायचा. साहेब मात्र माझ्यावर वर्षानुवर्षं बसले आणि एकदाही फिरले नाहीत. मला अगदी कोंडल्यासारखं व्हायचं. पुढे नवे साहेब आले, त्यांच्यासाठी नवी खुर्ची आली, आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. फरशी पुसायची बादली माझ्या मांडीवर ठेवत. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही.

जिन्याखालून मला बाबांनी सोडवलं. बाबांचं खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वरच्या मजल्यावर घर. बाबा सांधे जोडतात, चाकं बदलतात. आई खिडकीपाशी मशीनवर गाद्यांची कव्हरं शिवते. बाबांची एक रीत आहे. दुकानात खुर्ची आली की ते तिच्यावर बसत नाहीत, तिच्याकडे नीट बघतही नाहीत. आधी तिला उचलून उलटी करतात. "वरून सगळ्याच साळसूद," ते म्हणतात. "खरं काय ते खालून कळतं." आधी उलटी, मग सुलटी. नव्या गिऱ्हाइकासमोर हे करताना त्यांना भारी मजा येते.

मलाही त्यांनी उलटं केलं, माझं मोडलेलं पाऊल जोडलं, पाठीत नवा फोम भरला. पण माझं एक चाक डावीकडे ओढायचं, ते काही सुधारेना. गिऱ्हाईक माझ्यावर बसायचं, बोलता बोलता आपोआप भिंतीकडे सरकायचं आणि उठून दुसरी खुर्ची घेऊन जायचं. शेवटी बाबा म्हणाले, "जाऊ दे. ही आपल्यालाच." तेव्हापासून मी गल्ल्यामागे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "अशी खुर्ची आता बनत नाही." ते ऐकलं की मला जिन्याखालच्या बादलीचा विसर पडायचा.

या घरात एक मुलगी आहे. तिचं खरं नाव शाळेपुरतं. घरात ती भिंगरी. चालायला लागली तेव्हापासून ती माझ्यावर पोट टेकून गरगर फिरायची आणि चक्कर येऊन आईच्या कापडांच्या ढिगात पडायची. शाळेचा अभ्यास तिने माझ्यावर केला. बुटकी होती, म्हणून बसण्याआधी माझी दांडी ओढून मला खाली घ्यायची. मग बाबा यायचे, पुटपुटायचे आणि मला वर करायचे. दिवसातून कितीदा हे वरखाली चाले! माझा दट्ट्या झिजला, पण मी तक्रार केली नाही. साहेबांपेक्षा हे किती बरं होतं.

भिंगरी मोठी झाली आणि तिने सांगून टाकलं, "मला व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्यायची आहे. नीट शिकायचं आहे, धंदा कसा वाढतो ते."

बाबांना आनंद झाला. दुकानाच्या एकुलत्या एक वारसाने आणखी काय म्हणायला हवं? पण तिला दोन खाजगी विद्यापीठांत प्रवेश मिळाला, आणि तिथूनच आमच्या घरातली शांतता गेली.

पहिलं विद्यापीठ गावातच होतं. काचेची इमारत, नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द, दारावर देशोदेशीचे झेंडे. सकाळी जावं, संध्याकाळी परत येऊन गल्ल्यावर बसावं. दुसरं खूप लांब होतं. तिथे अनेक देशांतली मुलं एका वर्गात शिकायची, शिक्षकही ठिकठिकाणचे, आणि शिक्षणातला काही काळ परदेशातल्या एखाद्या कंपनीत काम करत घालवावा लागायचा. बाबांच्या मनात पहिलं, भिंगरीच्या मनात दुसरं. आई दोघांच्या मध्ये मशीन चालवायची.

मग दोघं बापलेक दोन्ही विद्यापीठं बघून आले. मी काही गेले नव्हते, पण या घरातलं प्रत्येक बोलणं गल्ल्यापाशीच होतं, त्यामुळे मला सगळं कळलं.

गावातल्या विद्यापीठात त्यांना एका सभागृहात बसवलं. बाबा बसतील तर ना! सवयीने त्यांनी समोरची खुर्ची उचलली आणि उलटी केली. टाय लावलेला एक तरुण धावत आला.

"काका, काही पडलं का तुमचं?"

"काही नाही. तुमचं चालू द्या, मी बघतोय," बाबा म्हणाले.

खालून खुर्ची नवीकोरी होती. पायांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बाबा खूश! लांबच्या विद्यापीठात त्यांनी तेच केलं. तिथल्या खुर्चीचा एक हात गायब होता, चाकात केस अडकले होते, बुडाला च्युइंगम चिकटलं होतं, आणि कुणीकुणी वेगवेगळ्या लिप्यांत नावं कोरून ठेवली होती. बाबांनी त्या नावांवरून एकदा बोट फिरवलं आणि ती खुर्ची सुलटी केली.

"ज्यांना साध्या खुर्च्या सांभाळता येत नाहीत, ते आपली पोरगी काय सांभाळणार?" घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं. "गावातलं बघ. काय निगा आहे! प्लॅस्टिक अजून तसंच. ठरलं आपलं."

भिंगरी तेव्हा जिना चढून वर निघून गेली. पण त्यानंतरचे दिवस, मित्रांनो, माझी नुसती दैना झाली. ती माझ्यावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. तिचा उजवा गुडघा सारखा हलायचा आणि तो हलला की मी तिच्यासकट भिंतीकडे निघायचे. कधी लांबच्या विद्यापीठातल्या एखाद्या मुलीला फोन लावायची. एकीने तिला सांगितलं, "पहिले काही महिने मी रोज रडले. माझ्या विनोदावर कुणी हसायचंच नाही. आता मीच त्यांच्या विनोदांवर हसते." फोन ठेवून भिंगरी कितीतरी वेळ छताकडे बघत फिरत राहिली. तिला भीती वाटत होती. ती तिने कुणाला सांगितली नाही, पण मला कशी कळणार नाही?

भिंगरी उठली की बाबा बसायचे, आणि त्यांचंही तेच. हातात पाना घ्यायचे, खाली ठेवायचे. मधूनच मामा येऊन गेला. तो उभ्या उभ्या म्हणाला, "मुलीच्या जातीला एवढं लांब कशाला?" आईने त्याला चहा दिला आणि मशीन इतक्या जोरात चालवलं, की पुढचं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

उत्तर कळवायचा दिवस उद्यावर आला. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा माझ्यावर बसून म्हणाले, "मग गावातल्यांना हो कळव आता."

"बाबा, जरा उठता का?" भिंगरी म्हणाली.

"का?"

"उठा तरी."

बाबा उठले आणि त्यांनी हातातला चष्मा सीटवर ठेवला. आणि मला काही कळायच्या आत पोरीने मला धरून उलटं केलं! सीटवरचा बाबांचा चष्मा कापडांत उडाला. माझे पाचही पाय वर, चाकं हवेत फिरतायत. आईने मशीन थांबवलं.

माझं बूड सगळ्यांसमोर होतं. जोडकामाचे डाग, बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा, निघालेल्या स्क्रूंची भोकं, लहानपणी भिंगरीने चिकटवलेली च्युइंगमं, आणि तिने कर्कटकाने कोरलेला एक मासा.

"ही खुर्ची वाईट आहे का, बाबा?"

"वाईट कशाला? वापरातली आहे," बाबा म्हणाले.

"मग तिथल्या वापरातल्या नव्हत्या? मी वर्गात डोकावले होते. चार देशांतली चार मुलं एका हिशेबावरून भांडत होती. बाई त्यांच्यात बसून ऐकत होत्या, हात तुटलेल्या खुर्चीवर. आणि गावातल्यात मी त्या टायवाल्याला विचारलं, बाहेरच्या देशांतली मुलं कुठे आहेत? तो म्हणाला, येणार आहेत. कंपन्या? त्याही येणार आहेत. बाबा, त्या खुर्च्यांचं प्लॅस्टिक निघालं नाही, कारण त्यांच्यावर कुणी बसतच नाही. आयुष्यभर झिजलेल्या खुर्च्या बघता, आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

बाबा माझ्या बुडाकडे बघत राहिले. त्यांनी माझ्या एका चाकाला बोट लावलं, ते फिरलं आणि थांबलं.

"आलं होतं," ते हळूच म्हणाले. "तिथेच आलं होतं लक्षात."

"मग?"

"खुर्च्यांचं काय घेऊन बसलीस! तू गेलीस की परत यायची नाहीस, हे पण कळतं मला. तिकडची कंपनी, तिकडची नोकरी. या दुकानात काय आहे तुझ्यासाठी? आम्ही दोघं आणि ही मोडकी." मोडकी म्हणजे मी. मला राग आला नाही, कारण बोलताना त्यांचा हात माझ्या पायावरच होता.

मला वाटलं, आता भिंगरी म्हणेल, येईन बाबा, नक्की येईन. सगळं सोपं झालं असतं. पण ती माझ्या पायाला धरून खाली बसली आणि म्हणाली, "येईन की नाही, ते मला माहीत नाही. मलाही भीती वाटते. पण तुम्हाला खोटं सांगून नाही जायचं मला."

आई उठली. कापडांतून चष्मा शोधून तिने पुसला आणि बाबांच्या हातात दिला. "अहो, खोटं बोलली असती तर लगेच जाऊ दिलं असतंत," ती म्हणाली. "खरं बोलतेय म्हणून अडवताय होय?"

बाबा मागच्या खोलीत गेले. मी तशीच उलटी पडून राहिले. मित्रांनो, तेवढा वेळ मला फार मोठा वाटला.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात तेलाची बुधली होती. त्यांनी माझ्या प्रत्येक सांध्यात तेल सोडलं, चाकातला दोरा काढला, माशावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मला सुलटं केलं. मग गल्ल्यावरच्या संगणकासमोर सरकवून म्हणाले, "बस. लांबच्यांना कळव. आणि फिरू नकोस, चुकीचं काहीतरी दाबशील."

भिंगरीने दांडी ओढून मला खाली घेतलं आणि ती बसली. त्या दिवशी तिचा गुडघा हलला नाही. जाईपर्यंत ती रोज तशीच बसत राहिली, आणि मग एके सकाळी माझ्या पाठीवर हात ठेवून निघून गेली.

आता गल्ल्यामागे पुन्हा बाबा बसतात. एवढे उंच बाबा, पण भिंगरी गेल्यापासून त्यांनी दांडीला हात लावलेला नाही. आई म्हणते, "अहो, वर घ्या ना ती. गुडघे कानाला लागतायत."

"असू दे," ते म्हणतात. "पाठीला बरं वाटतं."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा खुर्च्यांना प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवू नका. आम्हाला वापरा, आणि वापरून झिजलो म्हणून जिन्याखाली टाकू नका. वर्षातून एकदा तेल द्या. आणि आमच्यावरून उठून कुणाला लांब जायचं असेल, तर त्याला उठू द्या. आम्हाला त्याचं वाईट वाटतं, पण आम्ही सोसतो.

काल संध्याकाळी भिंगरीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यामागे कुठलीशी मुलं मोठमोठ्याने हसत होती. ती बाबांकडे बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही एवढे बुटके कसे दिसताय? टेबलाच्या वर नुसतं डोकंच दिसतंय."

"कॅमेरा वाकडा आहे," बाबा म्हणाले.

पलीकडे ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग बारीक आवाजात म्हणाली, "दांडी उजवीकडे असते, बाबा. विसरलात का?"

"नाही गं," बाबा म्हणाले, आणि इतकं तेल पाजलेलं असूनही मी कुरकुरले.